तीन पळ्या पाणी

ऑर्किड कुणी घरात आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मोगरा आणा, जास्वंद आणा, अगदीच हौस असेल तर मनीप्लांट बाटलीत घाला. ऑर्किडचे नखरे फार. पाणी जास्त झालं तरी रुसणार, कमी झालं तरी रुसणार, आणि रुसलंय हे आपल्याला कळेपर्यंत महिना उलटून गेलेला. आमच्याकडे ते मी आणलंच नव्हतं. आई आजारी होती तेव्हा तिची शाळेतली एक जुनी विद्यार्थिनी तिला बघायला आली, ती घेऊन आली. पांढरी फुलं, आत जांभळा ठिपका, खाली चकचकीत चिनीमातीची कुंडी.

आई पडल्या पडल्या ती फुलं मोजायची. "अजून एकही गळलं नाही गं," हे रोज मला सांगायची. मी तेव्हा तिचा डायपर बदलत असायची, नाहीतर औषधांच्या पट्ट्या शोधत असायची, आणि म्हणायची, "हो का? वा." आई गेली त्या दिवशी नऊच्या नऊ फुलं झाडावर होती. खरं सांगते, मला त्यांचा रागच आला.

पार्ल्याची आमची बिल्डिंग पाडून नवी बांधतायत. तोवर आम्ही अंधेरीला भाड्याच्या जागेत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पार्ल्याचं नवं घर बघायला आई राहिली नाही. जुन्या गॅलरीतली तिची तुळस सामान हलवताना सुकली आणि इथे गॅलरीही नाही. मी लग्न केलं नाही, त्यामुळे आई गेल्यावर घरात माणसं दोनच उरली, मी आणि एक्याऐंशी वर्षांचे बाबा. आणि खिडकीत ते ऑर्किड.

फुलं एकेक करून गळली, त्याचं काही वाटलं नाही. पण मग पानं पिवळी पडायला लागली, मऊ झाली, कडेने सुरकुतली. मी मोबाइलवर व्हिडिओ बघितले. ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत बघितले, रिक्षात बघितले. एक बाई सांगते बर्फाचा तुकडा ठेवा, दुसरी सांगते बर्फ ठेवलात तर झाड मेलंच समजा. मी मरोळला नोकरी करते, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकते, घरी येऊन कुकर लावते. त्यात हे. टाकून द्यावं असं दहा वेळा मनात आलं. पण टाकवेना. आईचं वर्षभर सगळं केलं, मरमर केलं, आणि तरी आई गेली. आता हे एवढं तरी माझ्या हातून जाऊ नये, इतकंच मला हवं होतं.

एका शनिवारी कुंडी मांडीवर घेऊन रिक्षाने ऑफिसजवळच्या नर्सरीत गेले. तिथला म्हातारा माळी झाड उपसून बसला. मुळं काळी, बोटाने दाबली तर पचपचीत. त्याने ती नाकाशी नेली आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, इसको दूध कौन पिलाता है?"

"दूध? नाही हो. कुणीच नाही."

"कोई तो पिलाता है," तो म्हणाला आणि कात्री घेऊन कामाला लागला. सडलेलं सगळं कापलं. कापलेल्या जागी घरी गेल्यावर दालचिनीची पूड लावा म्हणाला. माती नको, कोळसा आणि नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, घाला, भोकं असलेली प्लास्टिकची कुंडी घ्या, त्या चिनीमातीच्या कुंडीला खाली भोकच नाही, पाणी जाणार कुठे? शेवटी झाडाला दोन मुळं उरली. "बचेगा?" मी विचारलं. त्याने खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर आले तर बाबा खिडकीशी उभे. अंगात बनियन, कपाळाला गंध, हातात देवपूजेचं ताम्हन. आदल्या संध्याकाळीच मी नव्या कुंडीत लावलेल्या झाडात ते देवांना अंघोळ घातलेलं पाणी ओतत होते. पांढुरकं, दुधाचं पाणी, वर चंदन आणि अक्षता.

माझा ताबाच सुटला. "बाबा! तुम्ही मारलंत ते झाड! इतके महिने दूध ओतताय त्याच्यात? डोकं आहे का?"

बाबांनी ताम्हन खाली घेतलं. आयुष्यात कधी देवापुढे बसले नव्हते हे माहीत होतं मला. आई गेल्यावर, तेरावा झाल्यावर, त्यांनी आपणहून पूजा हातात घेतली. दिवसभरातलं त्यांचं तेवढंच एक काम. आणि देवाचं पाणी मोरीत ओतायचं नसतं, झाडाला घालायचं असतं, हे आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक. तुळस नाही, तर ज्या झाडाला घालता येईल त्याला घातलं. ह्यात त्यांचं काय चुकलं? हे सगळं मला कळत होतं, तरी मी सॉरी म्हटलं नाही. दमले होते, असं कारण मी मलाच देत राहिले.

त्यानंतर खिडकीतल्या झाडात बाबांनी पाणी ओतलं नाही. पूजा मात्र रोज होत होती, देव ओले दिसायचे. पाणी कुठे जातं, हा प्रश्न मला पडलाच नाही. पंधरा-वीस दिवसांनी गेटवर वॉचमन म्हणाला, "मॅडम, बाबाको बोलो ना, सीढ़ी पे संभाल के. रोज लोटा लेके उतरते हैं, आपके जाने के बाद. नारियल के झाड को पानी डालते हैं."

तीन मजले. एका गुडघ्यात वाटी बदललेली. एका हातात तांब्या, दुसरा कठड्यावर. मी तशीच वर गेले आणि दारातूनच सुरू झाले. "पडला असतात तर? मी कुणाकुणाचं करू? सांगा ना, किती करू मी?"

बाबा खुर्चीत बसले होते. मनातलं बोलायचं असलं की ते मालवणीवर येतात. "तुझ्या आवशीनच सांगितल्यान माका," ते म्हणाले. "शेवटाक सांगितल्यान. ह्या झाडाक पाणी तुमी घाला. चेडू दमान येता, तेच्यार आणखी एक काम नको."

चेडू म्हणजे पोरगी, म्हणजे मी. बावन्न वर्षांची.

पर्स खांद्यावरच होती. मी भिंतीला टेकून रडले, आईच्या वेळी रडले नव्हते तेवढी रडले. ती फुलं मोजत पडलेली असायची आणि मला वाटायचं, हिला बरंय, हिला फुलं दिसतात. तिला मी दिसत होते.

सोमवारी बाबांना सांगितलं, देवांना आज नुसत्या पाण्याने अंघोळ घाला, दूध नको, चंदन मागाहून लावा. ते बरं म्हणाले. पूजा झाल्यावर ताम्हन घेऊन खिडकीशी आले आणि घाबरत माझ्याकडे बघितलं. झाडाची दोन पानं अजून तग धरून होती. फूल येईल की नाही, देव जाणे.

"पळीने घाला," मी म्हटलं. "आठवड्यातून एकदाच. बाकीचे दिवस बादलीत साठवा, संध्याकाळी मी खाली नेईन."

"तू नको. वॉचमनाक सांगूया."

त्यांनी मोजून तीन पळ्या घातल्या. पाणी सोडणांतून खाली बशीत उतरलं. मी ऑफिसची बॅग उचलली.

"चाय ठेवतंय," बाबा म्हणाले. "जरा बस गो."

मी बसले.