डावीकडचा आकडा

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे साडेसात म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते माहीत होतं. आणि माहीत असूनही त्यांनी कधी कशाला आठ दिले नाहीत.

धंदा त्यांचा व्हिडिओ गेमच्या समीक्षेचा. नवा गेम आला की तो खेळायचा, त्यावर चार परिच्छेद लिहायचे आणि दहापैकी गुण द्यायचे. आमची वेबसाइट ते गुण गेमच्या चित्राखाली डावीकडे लावते. उजवीकडे खेळाडूंचे गुण, म्हणजे ज्यांनी पदरचे पैसे घालून तो गेम घेतला त्यांनी दिलेल्या गुणांची सरासरी. उजवीकडे काय वाटेल ते असो, डावीकडे साडेसात ठरलेले. गेम तलवारीचा असो, मोटारींचा असो, नाहीतर अंगणात टोमॅटो लावायचा. हा आकडा त्यांनी फार विचार करून निवडला होता, असं माझं मत आहे. आठ दिले तर लोक म्हणतात, विकला गेला. सात दिले तर गेम बनवणारी कंपनी जाहिरात काढून घेते. साडेसातावर कुणाचंच घोडं अडत नाही.

माझं काम उजवीकडचं. खेळाडू जे लिहितात त्यातल्या शिव्या मी वेचून काढते, धान्यातले खडे काढावेत तशा. त्यामुळे खेळाडू म्हणजे कुणी साधुसंत आहेत असा माझा मुळीच गैरसमज नाही. एकाने एका गेमला शून्य दिलं, का तर पोचवणाऱ्याने बेल न वाजवता खोकं दारात ठेवलं. दुसऱ्याने दहा दिले आणि खाली लिहिलं, ‘अजून बाजारात आलेला नाही, पण भारीच असणार.’ ही मंडळी आपसांत हमरीतुमरीवर येतात, एकमेकांच्या आईबापांची चौकशी करतात. एका गोष्टीवर मात्र त्यांचं एकमत होतं, की साडेसातांना (हे नाव तिथेही पोचलं होतं) गेममधलं ओ की ठो कळत नाही.

खोटं कशाला बोलू, कळत नव्हतंच. मी त्यांच्या समोरच्याच टेबलावर बसते, त्यामुळे त्यांची पद्धत मला तोंडपाठ होती. सकाळी गेम लावायचा. जेवणापर्यंत पहिल्या फाटकापाशी चारपाचदा मरायचं. जेवल्यावर कंट्रोलर पोटावर ठेवून डुलकी काढायची. चहा आला की कंपनीने पाठवलेलं माहितीपत्रक वाचायचं आणि लिहायला बसायचं. ‘एकंदरीत पाहता’ ही त्यांची लाडकी सुरुवात. ज्या गेमच्या पायाचा जेमतेम अंगठा पाहिला, त्याला एकंदरीत पाहायची त्यांना भारी हौस.

एकदा त्यांनी लिहिलं, ‘नायकाला उडी मारता येत नाही, ही या कलाकृतीची मोठी मर्यादा आहे.’ उडीचं बटण कंट्रोलरवर बरोबर अंगठ्याखाली असतं. यांनी ते दाबलंच नव्हतं. पुढे कितीतरी दिवस लोक त्या बटणाचे फोटो पाठवत होते, काहीजण तर लाल बाण काढून. साडेसातांनी ते सगळे फोटो शांतपणे पाहिले आणि मला म्हणाले, “ताई, बटण आहे हे मान्य. पण ते दाबावंसं वाटायला हवं ना!”

त्यांची बायको आमच्याच इमारतीत खाली चष्म्याच्या दुकानात काम करते. डबा विसरले की ती वर आणून द्यायची. एकदा मी तिला सहज विचारलं, घरी तरी पोटभर कौतुक करतात का? ती म्हणाली, “कसलं हो कौतुक! माझ्या भाजीला साडेसात, पोरीच्या गाण्याला साडेसात. लग्नात मी कशी दिसत होते विचारलं, तर म्हणे, एकंदरीत छान.” बोलताना ती हसत होती, पण डबा जरा आदळूनच ठेवला.

असं सगळं सुखात चाललं होतं. मग नवे संपादक आले.

हे गृहस्थ आधी जुन्या गाड्या विकायच्या वेबसाइटवर होते. गेममधलं त्यांनाही कळत नव्हतं, पण आकड्यांवर त्यांचा फार जीव. आल्याआल्या त्यांनी भिंतीवर एक मोठा पडदा बसवला. डावीकडचा आकडा, उजवीकडचा आकडा आणि मध्ये दोघांतला फरक. फरक वाढला की तो लाल व्हायचा. पहिल्याच दिवशी भिंत अशी लाल झाली की मला वाटलं, आग लागल्यावर काय करायचं त्याची सूचना आहे.

त्यांनी साडेसातांना सगळ्यांसमोर धारेवर धरलं. “लोक एक म्हणतात, तुम्ही भलतंच म्हणता. मग तुमचा उपयोग काय? यापुढे महिनाअखेर एका जरी गेममध्ये तीनपेक्षा जास्त फरक दिसला, तर तुमची जागा बंद. मला फरक नको.”

साडेसातांचा चेहरा खर्रकन उतरला. पन्नाशी उलटलेली, मुलीचं शिक्षण चालू, आणि अंगात कला एकच, दहापैकी गुण द्यायची. जगात हे काम करून घेणारी दुकानं असून असून किती असणार?

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पद्धत बदलली. गेम आला की दोन दिवस लिहायचंच नाही. उजवीकडे आकडा पडला की माझ्या टेबलाकडे वाकून विचारायचं, “ताई, लोक किती देतायत?” मी सांगायची नऊ. मग डावीकडे साडेआठ. मी सांगायची चार. मग डावीकडे पाच. इतकी वर्षं ज्या माणसाने आठ दिले नाहीत तो आता साडेआठ वाटत सुटला. खाली चार परिच्छेद तेच, एकंदरीत पाहतासकट. भिंत हिरवीगार झाली. संपादक येताजाता त्यांच्या पाठीवर थाप मारू लागले, आणि खेळाडू म्हणू लागले की म्हातारा सुधारला. कुणालाच काही खटकलं नाही. मला खटकत होतं, पण मला विचारतो कोण!

मग तो नावेचा गेम आला.

त्यात एक नावाडी आहे. नदीच्या या काठावरची माणसं नावेत घ्यायची आणि त्या काठाला सोडायची. बस, इतकंच. ना बंदूक, ना राक्षस. नाव जोरात हाकता येत नाही, वल्हवणं टाळून पुढे जाता येत नाही. खेळाडू खवळले. ‘हा गेम आहे की शिक्षा?’ असं एकाने विचारलं, आणि छापण्याजोगं तेवढंच होतं. उजवीकडे तीन.

साडेसातांनी शिरस्त्याप्रमाणे सकाळी गेम लावला, जेवले आणि कंट्रोलर पोटावर ठेवून डुलकी काढली. नावेत एक म्हातारी बसली होती. ती रोज येते, रोज काहीतरी विचारते, आणि आपण बटण दाबून ठरलेलं उत्तर दिलं की गप्प बसते. सगळे खेळाडू बटण दाबत होते. साडेसात घोरत होते. कुणीच उत्तर देत नाही म्हटल्यावर ती म्हातारी आपणहून बोलायला लागली. त्या आवाजाने यांचे डोळे उघडले.

मीही ऐकत होते. ती म्हणत होती, “पलीकडे माझं कुणी नाही रे बाबा. पलीकडे जायला मी येतच नाही. इथे कुणीतरी सावकाश बसा म्हणतं, म्हणून येते.”

साडेसातांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. त्यानंतर चार दिवस हा माणूस जागेवरून हलला नाही. डुलकी नाही, माहितीपत्रक नाही. नावेत कुणी बसलं की हात बाजूला ठेवायचे आणि वाट पाहायची. प्रत्येक माणूस उशिरा का होईना, बोलत होता. बायको वर येऊन कपाळाला हात लावून गेली, ताप आहे का बघायला. गेम संपवला तेव्हा ते मला म्हणाले, “ताई, हा मी शेवटपर्यंत खेळलो.” पोराने पहिल्यांदा पोहून दाखवावं तसा चेहरा झाला होता. मला खरंच बरं वाटलं.

मग ते लिहायला बसले. सुरुवातीला एकंदरीत पाहता नव्हतं. शेवटी गुण लिहिले, दहा. आणि मान वर करून भिंतीकडे पाहिलं. उजवीकडे तीन. फरक सात होणार होता. त्यांनी लिहिलेलं सगळं पुसलं. ‘एकंदरीत पाहता नावेची गती संथ आहे’ असे चार परिच्छेद खरडले आणि डावीकडे चार टाकले.

माझं डोकंच फिरलं. “अहो, चार? चार दिवस इथे डोळे पुसत होतात ते काय नाटक होतं?”

“ओरडू नका हो,” ते म्हणाले. “जागा गेली तर या वयात मला कोण घेणार? मला तर उडीसुद्धा मारता येत नाही.”

थोड्या वेळाने तेच खुर्ची ओढून माझ्याजवळ आले. “ताई, ते खेळाडूंच्या बाजूला लिहायचं असेल तर खातं कसं उघडतात?” इतकी वर्षं शिव्या खाल्ल्या, पण त्या कुठल्या दारातून येतात ते यांना ठाऊक नव्हतं. मी खातं उघडून दिलं. नाव काय ठेवू विचारलं तर म्हणाले, “डुलकी ठेवा.” त्यांनी तिथे दहा गुण दिले आणि लिहिलं: ‘म्हातारी नावेत बसली की काहीही दाबू नका. हात बाजूला ठेवा. मी झोपलो होतो म्हणून मला कळलं. ती बोलायला लागली की मग मला शिव्या द्या.’

लोकांनी आधी शिव्याच दिल्या. मग कुणीतरी करून पाहिलं. मग त्याच्या मित्राने. आठवड्याभरात उजवीकडचा आकडा तिनावरून पाचावर आला, पाचावरून सातावर, आणि महिनाअखेर नऊवर जाऊन बसला. ज्यांनी शिक्षा म्हटलं होतं तेच आता लिहीत होते, आम्ही पहिल्यापासून सांगत होतो. डुलकीवर तर सगळे लट्टू झाले. आणि त्याच दमात डावीकडच्या चाराला दगड मारत होते: ‘साडेसात, जरा या डुलकीकडून शीक. याला म्हणतात गेम कळणं!’ यात शिवी नव्हती, त्यामुळे मला काढताही येईना.

भिंतीवर फरक पाच. लालभडक. आणि डावीकडचा आकडा एकदा छापला की तो बदलता येत नाही.

संपादकांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. साडेसातांना म्हणाले, “ठरलं होतं ते ठरलं होतं. या महिन्यानंतर येऊ नका.” मग माझ्याकडे वळले. “आणि तुम्ही हा डुलकी कोण आहे तो शोधून काढा. मला तो हवाय. ऐका काय लिहिलंय.” त्यांनी ते सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, आवाजात चढउतार करत. वाचून झाल्यावर साडेसातांना म्हणाले, “बघा. एका साध्या खेळाडूला जे कळतं ते तुम्हाला कळत नाही.”

साडेसात खाकरून म्हणाले, “साहेब, तो डुलकी मीच आहे.”

संपादक पोट धरून हसले. “तुम्ही? उडीचं बटण सापडलं का आधी?”

“खातं मी उघडून दिलंय,” मी म्हटलं. आता गप्प बसणं शक्यच नव्हतं. “माझ्यासमोर लिहिलंय त्यांनी.”

हसू थांबलं. “मग इकडे चार का दिलेत?”

“तुम्हाला फरक नको होता,” साडेसात म्हणाले.

मला वाटलं, आता संपादकांना थोडी तरी लाज वाटेल. त्यांनी नुसता एक हिशेब केला आणि टेबलावर हात आपटला. “म्हणजे डुलकी आपलाच माणूस आहे! उत्तम! डावीकडचा रकानाच काढून टाकू. साडेसात गेले असं जाहीर करू. तुम्ही इथेच बसा, त्याच खुर्चीत, आणि डुलकी म्हणून लिहा. मनात येईल ते. खरं लिहायचं, एवढीच अट.” साडेसात हे नाव त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच कुणी उच्चारलं होतं, आणि तेही ते गेले हे सांगायला.

वेबसाइटवर बातमी लागली तेव्हा खेळाडूंनी आनंदाने नुसता गोंधळ घातला. डुलकीचं अभिनंदन करणारेच इतके होते की मला दोन दिवस शिव्या वेचायचं काम उरलं नाही. बायकोने खालून पेढ्यांऐवजी नवा चष्मा पाठवला. त्यावर त्यांनी काय गुण दिले ते मी विचारलं नाही.

नवा गेम आला, भुयारातला, मशाल घेऊन हिंडायचा. ते मनापासून खेळले. फाटकापाशी मेले, पुन्हा उठले, उडीसुद्धा मारली. मी स्वतः पाहिलं. मग लिहायला बसले. गुणांच्या चौकोनात काही टाकेनात. शेवटी माझ्या टेबलाकडे वाकले.

“ताई, लोक किती देतायत?”

“अजून कुणीच दिले नाहीत,” मी म्हटलं. “डुलकी किती देतो त्याची वाट बघतायत.”

त्यांनी रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं. नवा चष्मा काढून पुसला. आणि साडेसात टाकले.

संध्याकाळपर्यंत उजवीकडचा आकडा साडेसातावर येऊन थांबला. खाली लोक लिहीत होते, शेवटी एकदाचा खरं बोलणारा माणूस मिळाला.