चार फुलपात्रे पाणी

जऊळक्याहून माणूस निरोप घेऊन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात त्रैराशिक शिकवीत होतो. दारात उभे राहून त्याने टोपी काढली, आणि माझी मोठी बहीण यमुनाबाई गेली हे मला त्याने सांगण्याआधीच कळले. वर्गाला उदाहरण पुरे करावयास सांगून मी स्टेशनाची वाट धरली...

बाईला मधुमेह होता. अक्षरओळख नव्हती, पण सुई उकळून इन्शुलिन ती स्वतःच्या हाताने टोचून घेई आणि बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत जपून ठेवी. लघवीची तपासणीही तीच करी. निळ्या द्रावणात आठ थेंब टाकून ते उकळावयाचे. रंग निळाच राहिला तर साखर नाही, हिरवा-पिवळा झाला तर थोडी, विटेसारखा झाला तर फार. हे मी तिला एकदाच समजावले होते. पुन्हा सांगण्याची वेळ आली नाही.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास द्रावण निळेच राहू लागले. आठवडाभर निळे राहिले, तेव्हा रोग गेला म्हणून भाऊजींनी आळीत गूळ-खोबरे वाटले. मी शिकलेला माणूस. मीही तो प्रसाद आनंदाने खाल्ला. बाई मात्र पाय पुढे करून बसली होती.

"रोग गेला म्हनता, भाऊ, मंग हे पाय कायले सुजून राह्यले? अन् सुई घेतली का घाम फुटते, डोळ्यापुढं अंधारी येते."

"तुमची बहीन आता डाक्तरची बी परीक्षा घेईन, मास्तर," भाऊजी हसले.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तिचाच संशय खरा ठरवला. झिजलेली मूत्रपिंडे साखर बाहेर जाऊ देत नव्हती, म्हणून द्रावण निळे. आणि टोचलेले इन्शुलिन शरीरात अधिक वेळ रेंगाळत होते, म्हणून घाम आणि अंधारी. परदेशात रक्त धुण्याचे यंत्र निघाले आहे, ते म्हणाले, पण तेही थोड्या दिवसांच्या बिघाडापुरते. आपल्या हाती एवढेच होते : इन्शुलिन कमी करावयाचे, मीठ बंद, डाळ आणि दूध अगदी बेताचे, दिवसाला चार फुलपात्रे पाणी. याने मूत्रपिंडे बरी होणार नाहीत, त्यांच्यावरचे ओझे तेवढे हलके होईल.

बाईने एकच विचारले. "चैतात लेकीचं पह्यलं बाळंतपन हाये. तोवर मले उभं राहता येईन काय?"

"मापात राहिलात, तर कदाचित," डॉक्टर म्हणाले.

संक्रांतीला शेजारीण तिळाचा लाडू घेऊन आली. "घे वं, एवढ्याशानं काय होते?"

"एवढंसंच तर सांभाळाचं हाये मले," बाई म्हणाली, आणि लाडू तिच्याच हातात परत ठेवला.

शांता बाळंतपणाला आली तेव्हा चैत्राचे ऊन तापले होते. बाईने लेकीसाठी डिंकाचे लाडू वळले, सुईणीला पाणी तापवून दिले, नातीला प्रथम स्वतःच्या हातांत घेतले. बाराव्या दिवशी तिला पाळण्यात घातले. त्यानंतर आठ दिवसांनी बाई गेली.

तेरावे होण्याआधी शांता स्वयंपाकघर पोतारीत होती. माठ बाजूला सरकवला तसा तिचा हात थांबला. मागच्या भिंतीवर कोळशाच्या बारीक रेषा होत्या, ओळीखाली ओळ, प्रत्येक ओळीत चार. वह्या तपासणाऱ्याच्या सवयीने मी पाचवी रेषा शोधू लागलो. एकाही ओळीत सापडली नाही. शेवटच्या ओळीत दोनच होत्या. तेथून वर मोजत नातीच्या जन्माच्या दिवसापर्यंत गेलो... त्या धावपळीतही चार.

"मामा, इथं कुंचा कसा फिरवू?" शांता म्हणाली.

तिने तेवढा हातभर तुकडा सोडून बाकीची भिंत पांढरी केली.