नानांचा डबा आणि आमच्या शंका

शंकेखोर माणसांत उठबस असली की किस्से शोधावे लागत नाहीत. घरात प्लास्टिकच्या पिशव्या साचतात तसे ते साचतात. एक काढायला जावं तर दहा अंगावर येतात! आणि आमच्या मूकपट मंडळात तर शंकेशिवाय दुसरं काही पिकतच नाही.

मंडळ म्हणजे काय, तीन डोकी. देशपांडे सर, इतिहासाचे रिटायर्ड प्राध्यापक. रफिकभाई, शहागंजात त्यांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. आणि मी. माझी उस्मानपुऱ्यात पॅथॉलॉजी लॅब आहे, म्हणजे संशय हा माझा धंदाच! रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी नवऱ्याच्या तापावरसुद्धा विश्वास ठेवत नाही. लॅबच्या वरची खोली रिकामी होती. तिथं रविवारी दुपारी पडदा बांधून आम्ही आवाज नसलेले जुने सिनेमे बघतो.

मंडळाचा नियम एकच, तोही सरांनी घातलेला. सिनेमा संपल्यावर प्रत्येकानं एक शंका मांडायची. शंका नाही, तर चहा नाही.

एकदा माझी मोठी जाऊ हौसेनं आली. संपल्यावर म्हणाली, "किती छान होतं हो!"

सर म्हणाले, "मग चहा घरी जाऊन घ्या."

ती आजही माझ्याशी धड बोलत नाही.

*

आमच्या प्रोजेक्टरची मोटर कधीच जळालीय. रफिकभाईंनी तिच्या जागी हँडल बसवलं, जुना दिवा काढून एलईडी टाकला आणि आता ते हातानं रीळ फिरवतात. मूकपटाच्या काळात तसंच असायचं म्हणे. कॅमेरावाला हातानं फिरवायचा, थिएटरातला माणूसही हातानं फिरवायचा, आणि दोघांचा वेग जुळला नाही की पडद्यावरची माणसं तुरुतुरु पळायची. "ती माणसं तशी चालत नव्हती, आपण त्यांना पळवतो," हे सरांचं आवडतं वाक्य.

एका रविवारी पडद्यावर अंत्ययात्रा निघाली. खांदेकरी असे पळत सुटले की तिरडीवरचा माणूस उठून बसतो की काय असं वाटलं!

सरांनी दिवा लावायला सांगितला. "रफिकभाई, आज एवढी घाई कशाची?"

"सर, दुकान खुला छोडके आया ना मैं!"

तेव्हापासून सर सिनेमा बघत नाहीत, रफिकभाईंचं मनगट बघतात.

*

अशा या आमच्या घोळक्यात नाना आले. नाना गंगापूरकडचे शेतकरी, सत्तरी ओलांडलेले, पांढरं धोतर आणि पायात स्पोर्ट शूज. ओळखीच्या डॉक्टरांनी त्यांना लॅबमध्ये शुगर तपासायला पाठवलं होतं. जिन्यावरची आमची पाटी वाचून ते पुढच्या रविवारी एसटीनं परत आले, पिशवीत एक पत्र्याचा चपटा डबा घेऊन.

"चुलत्याचा हाय. चुलती वारली तवा कपाटात घावला. चुलत्याला फोटूचा नाद. हैदराबादहून शूटिंगचं मशीन आनलं व्हतं त्यानं."

"यात काय आहे?" सरांनी विचारलं.

"माय असंल."

मी त्यांच्यासाठी खुर्ची पुढं ओढली.

"मी रांगत व्हतो तवा गेली ती. फोटू नाय, काय नाय. आत्या सांगायची, चुलत्यानं मशीन लावलं तवा माय दारात उभी व्हती. एकदा बगायचीय मला. बास."

मी लगेच डबा ठेवून घेतला. सरांच्या मात्र भुवया वर गेल्या. नाना जिना उतरून गेल्यावर म्हणाले, "माणूस सत्तर वर्षं गप्प बसतो आणि आता त्याला आई आठवते? मला नाही पटत. यात काहीतरी आहे."

रफिकभाई म्हणाले, "सर, तुम कू तुम्हारी अम्मा पे भी शक है क्या?"

*

डबा उघडला आणि खोलीभर आंबट वास सुटला. जुनी फिल्म कुजायला लागली की तिला व्हिनेगरचा वास येतो. रफिकभाई म्हणाले, ही आकसलीय, आत्ता मशीनला लावली तर कडेची भोकं फाटतील. आधी मशीनचे दाते घासून बारीक करावे लागतील. तोवर डबा थंडीत ठेवा.

थंडी म्हणजे माझ्या लॅबचा फ्रीज! मी चार पिशव्यांत गुंडाळून डबा खालच्या कप्प्यात ठेवला. तरी वास यायचा तो आलाच.

सकाळी एक पेशंट नमुन्याची बाटली द्यायला आला. मी फ्रीज उघडला. तो नाक दाबून मागं सरकला आणि आपली बाटली परत घेऊन म्हणाला, "मॅडम, इथं ठेवल्यावरच लोकांना आजार लागत असतील!"

आणि तो गेला तो समोरच्या लॅबमध्ये. तिथं अजूनही जातो.

*

दाते घासायला रफिकभाईंनी बरेच रविवार घेतले. नाना प्रत्येक रविवारी हजर. "झालं का?" "नाही झालं." मग बसायचे, आमच्याबरोबर सिनेमा बघायचे. चहाची त्यांना अडचण आली नाही, कारण शंका त्यांच्याकडं तयार असायची. "त्या बाईनं मघाशी घागर भरली, ती मोकळीच कशी काय उचलली?" बरोबर होतं! सरांच्यासुद्धा ते लक्षात आलं नव्हतं, आणि सरांना ते अजिबात आवडलं नाही.

पुढच्या रविवारी सरांनी नानांना समोर बसवलं. वकिलासारखा चष्मा पुसला.

"नाना, खरं सांगा. भावकीत जमिनीचा वाद आहे ना?"

"व्हता की."

"बांधाचा?"

"बांधाचाच."

सरांनी माझ्याकडं विजयी नजरेनं बघितलं. "म्हणजे या रिळात जुना बांध कुठं होता ते दिसणार. आई वगैरे सगळं निमित्त. तुम्हाला कोर्टात पुरावा पाहिजे!"

नाना शांतपणे म्हणाले, "सर, ती जमीन आमी दोघा भावांनी मिळून इकली. तिथं आता मंगल कार्यालय हाय. जोड्यानं जेवून आलो परवा."

सरांनी चष्मा परत पुसायला घेतला.

*

मूकपटात माणूस गायब कसा करत, हे सरांना करून बघायचं होतं. युक्ती सोपी. कॅमेरा चालू. मग थांबवायचा, सगळ्यांनी पुतळ्यासारखं जागच्या जागी राहायचं, एका माणसानं हळूच बाजूला व्हायचं, कॅमेरा परत चालू. पडद्यावर तो माणूस फुस्स! कॅमेरा माझा मोबाईल, जागा शहागंजातली रफिकभाईंच्या दुकानासमोरची केळीची गाडी. गायब होणार स्वतः सर. नाना बाजूला गिऱ्हाईक म्हणून उभे.

मी मोबाईल थांबवला. सर चित्रातून बाहेर आले. मी परत चालू केला. सगळं झकास!

मग दुकानातल्या टीव्हीला मोबाईल जोडून बघितलं. सर केळीच्या गाडीजवळ उभे आहेत. पुढच्या क्षणाला सर गायब. आणि त्यांच्याबरोबर केळीची अख्खी फणी गायब!

नाना म्हणाले, "मशीन बंद केलं म्हनला ना तुमी? मग तेवढ्यात केळी घेतली मी. पिशवीतच हायेत, घ्या."

रफिकभाईंनी कौतुकानं तो व्हिडिओ केळीवाल्याला नेऊन दाखवला. त्यानं दोनदा बघितला आणि म्हणाला, "मेरे कू इन सर पे पहले से शक था!"

सर आता शहागंजात त्या बाजूनं जात नाहीत. नानांवरचा त्यांचा राग मात्र दुप्पट झाला. "हा माणूस साधा नाही," मला म्हणाले. "बघा तुम्ही, त्या रिळात आईबिई काही निघणार नाही." मी त्यांच्यावर चिडले खरी, पण मनातून मलाही भीती वाटायला लागली होती. खरंच काही निघालं नाही तर या म्हाताऱ्याला कुठल्या तोंडानं सांगायचं?

*

शेवटी दाते बारीक झाले. रविवारी नाना नवा सदरा घालून आले. रफिकभाईंनी बिस्मिल्ला म्हणून रीळ चढवलं. मी खिडकीला जाड चादर लावली. नाना पडद्याच्या इतके जवळ बसले की त्यांच्या टोपीची सावली पडद्यावर यायला लागली. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

आधी बैल. मग कडब्याची गंजी. मग फेटा बांधलेली दोन माणसं, उगाचच हसणारी. मग चौकट, दार, दोन पायऱ्या.

दारात एक बाई!

नाना पुढं झुकले. ती पायरी उतरली, कॅमेरा दिसला मात्र, झटकन पदर तोंडावरून पुढं ओढला, वळली आणि शेताच्या वाटेनं चालायला लागली. लांब लांब ढांगा, खांदे हलतायत, हात मागं-पुढं झुलतायत. वळणावर दिसेनाशी झाली. पडदा पांढरा.

"तोंड दिसलंच नाय," नाना म्हणाले.

मला इतकं वाईट वाटलं! एवढे रविवार, एवढे हेलपाटे, आणि दिसलं काय तर पदर.

त्यात सर उठून उभे राहिले. आता हे सांगायला पाहिजे, की अगदी सुरुवातीच्या सिनेमात कामाला बायका मिळत नसत. मग मिशा उतरवून पुरुषच लुगडं नेसायचे. सरांचा यावर इतका अभ्यास, की जुन्या पडद्यावर लुगडं दिसलं की ते तोंड बघत नाहीत, आधी पाय बघतात!

"नाना, तुमच्या चुलत्यांना नाटकाचा नाद होता?"

"व्हता. गावात बसवायचा तो."

"झालं तर मग! ही बाई नाही. हा गडी आहे, लुगडं नेसवलेला. चाल बघा ना! म्हणून तर पदर ओढला."

"सर, बसा खाली!" मी ओरडलेच. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी त्यांचा पाण्याचा तांब्या त्यांच्याच डोक्यावर ओतावा असं वाटलं मला.

"भावनेचा प्रश्न नाही, मॅडम. रफिकभाई, तुम्ही जोरात फिरवलं असेल, म्हणून ढांगा मोठ्या वाटल्या. हळू फिरवा. एकदम हळू."

रफिकभाईंचं तोंड उतरलं होतं. त्यांनी रीळ परत लावलं आणि इतकं हळू फिरवलं की बैलाची शेपटी हलायला वेळ लागला. दार. पायरी. पदर. आणि ती चालत निघाली. तशीच. लांब ढांगा, झुलते हात.

"बघा! शंभर टक्के गडी!" सर म्हणाले. "बाई अशी चालेल का?"

नाना हसायला लागले. आधी हळूच, मग खांदे गदागदा हलवत. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि माणूस हसतोय! मी घाबरून त्यांची नाडी धरायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला, खिशातून मोबाईल काढला आणि नंबर लावला.

"हालो, पूजे? आजा बोलतोय. ... व्हय, जेवलो. तू जेवलीस का? ... नाय ना? पोरी, त्या पाव्हन्यांनी नकार कळवला, पोरगी गड्यावानी चालती म्हनले, म्हनून परवापासून रडत बसलीस तू. आता डोळं पूस, चप्पल घाल अन् भेटंल त्या जीपनं इकडं ये. ... लगीच. तू कुनावर गेलीस ते दावतो."