नातीच्या शाळेबाहेरचे आबा

अमळनेरला मुलीला शाळेत सोडायला जायचो, तेव्हा ते आबा रोज दिसत. घंटा होऊन बाकीचे पालक पांगले, तरी ते फाटकाचे गज धरून नातीच्या वर्गाकडे बघत राहत. मध्येच टोपी काढत, पुन्हा घालत.

एकदा मी विचारलं. ते अहिराणीत म्हणाले, "नात घरमा बठ्ठं बोलस, भाऊ. आठे तोंडच उघडत नही. 'आहे'ले 'शे' म्हननी, तं पोरं हसनात." मग हळूच म्हणाले, "मन्हीच बोली शिकनी ती. आते मी तिनासंगे बोलू का नको?"

मी हे नातीच्या वर्गाच्या बाईंच्या कानावर घातलं. त्यांनी शनिवारी आबांना वर्गात अहिराणीतच गोष्ट सांगायला बोलावलं. मीही दारात थांबलो. आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि सुरुवात केली. पहिल्याच वाक्याला मुलं हसली आणि ते गप्प झाले.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून त्यांची नात उठली, आजोबांजवळ येऊन उभी राहिली. वर्गात तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला.

"आबा सांगतील. नाही कळलं तर मला विचारा."