आबांची बोर्डिंग

गेल्या रविवारी मी लेकीला हॉस्टेलमधून कायमची घरी आणायला निघाले होते... सोबत माझे सासरे, आबा.

अनू यंदा सहावीला. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला बोर्डिंग शाळेच्या साहसकथांचं भलतंच वेड लागलं. जहाजावरची शाळा, डोंगराच्या पोटातली शाळा, किल्ल्यातली शाळा... मुलं घरापासून लांब राहतात, भुयारं शोधतात, चोर पकडतात. जेवतानासुद्धा ताटाशेजारी पुस्तक उघडं.

मग हट्टच धरला, मलाही बोर्डिंगलाच टाका. भांडगावच्या पुढे मुलींची एक निवासी शाळा आहे. ह्यांचा विरोध होता, मीही मनातून तयार नव्हते. पण आबा म्हणाले, "जाऊ द्या की पोरीला, मन हाय तिचं." आणि झाली ॲडमिशन.

पहिल्या फोनलाच तिचा आवाज बदललेला... "आई, इथं काहीच घडत नाही गं. घंटा, रांग, वरण-भात, अभ्यास. आणि मला रोज रडू येतं. पुस्तकातल्या मुली कधीच रडत नाहीत. मी तसली नाहीये. मला घेऊन जा."

मी शिक्रापूरला कंपनीत पॅकिंगला आहे. त्या दिवशी लाइनवर उभी होते, पण हातातून काय जातंय कळत नव्हतं. पुढचे फोनही तसेच... शेवटी ठरवलं, आणायची. ह्यांची ड्युटी होती. आबा म्हणाले, "म्या येतो संगं."

आमच्या केंदूरहून एसटी बदलत बदलत पोचलो, तर अनू व्हरांड्यात स्वतःच्या पेटीवर बसलेली. भरून तयार! तिच्या खोलीतल्या चार-पाच मुली भोवती उभ्या.

मी रेक्टर मॅडमना भेटायला वळले, तेवढ्यात आबा गुडघ्यावर हात टेकत फरशीवर बसले. "काय गं, त्या तुझ्या पुस्तकात असतं तरी काय?"

अनू पेटीच्या कडीशी चाळा करत राहिली. बाकीच्या मुलींनीच सांगितलं... जहाज, भुयार, चोर सगळं. आबांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी घर सोडून ऱ्हायचं आन् शिकायचं. मग आमची बी बोर्डिंगच व्हती की."

मी जागीच थांबले. आबा शाळेत गेलेले नाहीत, हे मला माहीत होतं. त्यांच्या लहानपणी घरात मेंढरं होती, एवढंही माहीत होतं. पण लग्न होऊन आल्यापासून त्याबद्दल त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकला नव्हता.

"तुझ्यापरास ल्हान व्हतो. दिवाळी झाली का चुलत्यानं मला मेंढरांसंगं कोकणात न्यायचं. घोड्यावर बिऱ्हाड, रोज नव्या रानात तळ. वर छप्पर न्हाई, खाली गादी न्हाई. आई-बाप गावाकडं."

मुली एकेक करून खाली बसल्या.

"एकदा घाटात सकाळी धुकं आलं. आपलाच हात आपल्याला दिसंना. एक कोकरू मागं ऱ्हायलं, त्याला आणाया गेलो आन् वाट चुकली. ना चुलता दिसं, ना मेंढरं. हाका मारून घसा बसला."

"मग?" ही अनू होती.

"मग काय, कोकराला घोंगडीत घेतलं, बसलो एका दगडावर आन् रडलो."

"तुम्ही रडलात?"

"भरपूर! नाक-डोळं एक केलं."

अनू पेटीवरून पुढे झुकली. "पण आबा, गोष्टीतली मुलं रडत नाहीत."

आबा म्हणाले, "रडत असत्यात गं. लिवणाऱ्यानं तेवढं गाळलं असंल."

आणि मुलींमध्ये असं काही हसू फुटलं! एक चिमुरडी म्हणाली, "मी पण रडते, पांघरुणात." दुसरी म्हणाली, "मी बाथरूममध्ये, नळ सोडून." अनू त्यांच्याकडे बघतच राहिली. इतके दिवस शेजारी शेजारी झोपत होत्या, आणि प्रत्येकीला वाटत होतं आपण एकटीच.

"पुढं सांगा ना, सापडलात कसे?" मुली म्हणाल्या.

"मी गप झालो, पर कोकरू गप बसंना. ते आरडलं आन् खालून त्याच्या आईनं वळखलं. ती वरडाया लागली. तिच्या आवाजाच्या रोखानं उतरत गेलो, तर चुलता समोर. त्यो बी रडत व्हता."

भेटीची वेळ संपली होती. रेक्टर मॅडम दारात उभ्या होत्या, पण त्यांनी घंटा द्यायला सांगितलं नाही... गोष्ट संपेपर्यंत थांबल्या.

"मग तुम्ही गावाकडे घरी का नाही गेलात?" अनूनं विचारलं.

"मला कुठं वाट ठावं व्हती? तुला ठावं हाय. आई बी न्यायला आलीया. यायचं तर चल, कुणी नावं ठेवणार न्हाई."

आबांनी एवढंच म्हटलं. राहा म्हणाले नाहीत, शिकून मोठी हो म्हणाले नाहीत. मी असते तर अर्धा तास लेक्चर दिलं असतं...

अनू पेटीवरून उठली. मग म्हणाली, "आई, दिवाळीपर्यंत बघते." मुलींनी दोन्हीकडून पेटी उचलली आणि आत नेलीसुद्धा.

गेटपर्यंत ती सोडायला आली. मला मिठी मारली आणि डोळे भरलेच. मी परत विरघळले, तिचा हात सोडवेना. तर डोळे पुसत मलाच म्हणते, "मी रडतीये गं, पण तू जा."

एसटीत आबा खिडकीशी बसल्या बसल्या झोपले. मी मात्र सगळा रस्ता त्यांच्याकडे बघत होते. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांना कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं... पण माझ्या लेकीला गरज होती तेव्हा त्यांनी आपलं लहानपण सगळ्यांसमोर उघडून ठेवलं. आबा, तुम्ही हे वाचणार नाही, पण आज तुम्हाला मनापासून नमस्कार.