कार्ड झालं, आता तोंड दाखवा

"कार्ड झालं, आता तोंड दाखवा." गल्ल्यावर बसल्या बसल्या ती हात पुढे करायची. म्हणजे फोटो असलेलं ओळखपत्र काढा. पार्ल्यातल्या आमच्या साड्यांच्या दुकानात क्रेडिट कार्ड काढणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावं लागे. तुमच्यापैकी कुणी तिच्यासमोर उभं राहिलं असेल, तर कपाळाला आठीही पडली असेल.

मी साड्या दाखवायची, ती पैसे घ्यायची. मरोळ गावठाणातली ख्रिश्चन बाई. बोलणं फटकळ, पण डब्यातलं अर्धं माझ्यासाठी काढून ठेवणार.

"पिन टाकतोय ना, मग?" गिऱ्हाईक चिडायचं.

"पिन कोणीपण कोणाला सांगतो. तोंड उसनं मिळत नाही."

मग ती फोटो बघायची, माणूस बघायची. "मिशी चांगली होती, काढली कशाला?" चिडलेला माणूस हसत जायचा. सगळेच नाही. एकीने साडी तिथेच टाकून तक्रार केली. शेठने बजावलं, "कोणी मागत नाही, तूच मागते. आता एक जरी तक्रार आली तर तू घरी."

नवरा गेल्यापासून तिच्या घरात कमावणारी ती एकटीच, म्हणून मलाच धास्ती. म्हटलं, "सोड ना गं. आपल्या बापाचं काय जातंय?"

"आणि कोणाचं तरी हरवलेलं असलं म्हणजे?" एवढंच म्हणाली.

त्याच आठवड्यात एक वयस्कर गृहस्थ आले. बायको बाहेर रिक्षात बसलेली, तिला पायऱ्या चढवत नव्हत्या. मुलीच्या लग्नासाठी साडी स्वतःच्या पैशांनी घ्यायची, हा तिचा हट्ट. मी दोन-तीन साड्या रिक्षापाशी नेऊन दाखवल्या, एक पसंत पडली. गृहस्थांनी गल्ल्यावर बायकोचं कार्ड ठेवलं.

"ज्यांचं कार्ड त्यांना भेटते," म्हणत हिने मशीन उचललं आणि पायऱ्या उतरली. मी मागोमाग. बाईंच्या डोक्याला स्कार्फ होता, भुवयासुद्धा गळलेल्या. केमो चालू असणार. मी हिला कोपराने ढोसलं. हिने हात पुढे केलाच.

गृहस्थ तापले. "दिसत नाही का तुम्हाला? मालकांना बोलवा."

बाईंनी त्यांना गप्प केलं आणि पर्समधून आधार कार्ड काढलं. फोटोत जाड वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली. हिने फोटो बघितला, मग बाईंकडे बघत राहिली, अगदी सावकाश.

"डोळे तेच आहेत," ती म्हणाली. "केस येतील."

बाईंना रडू फुटलं. "घरात आरसे झाकून ठेवलेत मी. माझी मलाच ओळख पटत नाही."

गृहस्थ मालकांना बोलवायचं विसरून गेले. मला तिचा इतका अभिमान वाटला, की दिवसभर मी तिच्याशी एकदाही भांडले नाही.

यंदा ईस्टरनंतरच्या एका रविवारी ती जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. गल्ल्यावर आता एक मुलगी बसते. कार्ड मशीनला टेकवलं की काम झालं, मान वर करावी लागत नाही. दुकान शांत झालंय आणि मला ते आवडत नाही.

दिवाळीच्या खरेदीत एक बाई हळूहळू पायऱ्या चढून आल्या. डोक्यावर बोटभर पांढरे केस. साडी नको म्हणाल्या. गल्ल्याकडे बघत त्यांनी विचारलं, "त्या कुठे आहेत?"

मी सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या. मी पाणी आणून दिलं, ते तसंच हातात राहिलं. मग त्यांनी केसांवरून हात फिरवला.

"केस आले, एवढं दाखवायचं होतं त्यांना," त्या म्हणाल्या.