निकाल लागेपर्यंत

माजी सैनिकांच्या दवाखान्यात वडिलांची औषधं घ्यायला मी रांगेत उभी होते. माझ्या पुढे एक बाई होत्या. त्यांचे यजमान, चाळिशीतले हवालदार, बाकावर बसले होते. घाटात लष्कराची गाडी उलटून त्यांच्या मणक्याला मार बसला आणि नोकरी सुटली, असं बाईंनीच मला सांगितलं. अपंगत्वाच्या दाव्याचा निकाल अजून लागायचा होता.

"निकालाचा कागद नसेल तर औषधं देता येणार नाहीत," खिडकीतला माणूस म्हणाला.

"दावा अडकलाय, पण ह्यांचं दुखणं चालूच आहे ना, भाऊ?"

ते ऐकून आतल्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी उभ्याउभ्याच फाइल वाचली आणि अर्जावर लिहिलं, 'निकाल लागेपर्यंत उपचार सुरू ठेवावेत.'

दुखापत नोकरीमुळेच झाली का, हे ठरवायला कचेरीला वेळ लागणारच. पण शरीराला पुढची तारीख देता येत नाही. एवढी साधी गोष्ट ओळखायलाही कुणाला तरी खुर्चीतून उठावं लागतं.

"महिन्याच्या गोळ्या मिळाल्या," बाई नवऱ्याला म्हणाल्या. "संपल्या की परत या, म्हणाल्या."

"परत या?" त्यांनी विचारलं. कचेऱ्यांच्या दारात हे शब्द त्यांनी किती वेळा ऐकले असतील! या वेळी मात्र त्यांनी बायकोचा हात धरला आणि क्षणभर शांतपणे डोळे मिटून घेतले.